दादरचा चिनी क्लास: उच्चार पक्के, लिखाण कच्चं

बाईंचा सगळा जीव उच्चारांत. पिनयिनमधला (म्हणजे चिनी उच्चार रोमन लिपीत लिहिण्याच्या पद्धतीतला) ‘बी’ आपल्या ‘प’च्या जवळचा आणि ‘पी’ म्हणजे ओठ मिटून काढलेला ‘फळ’मधला ‘फ’, हे पहिल्याच तासाला घोटून घेतात. इंग्रजी वळणाच्या ‘ब’ला माफी नाही. चिनीत आवाजाच्या चढउताराचे चार सूर; त्यातल्या तिसऱ्या सुराची दोन अक्षरं लागोपाठ आली की पहिलं दुसऱ्या सुरात चढतं. ‘नी हाओ’ (चिनी नमस्कार) इथेच फसतं, म्हणून तेवढंच पंधरा-वीस वेळा म्हणवून घेतात, तेही न कंटाळता! अक्षरलेखनाची मात्र बोळवण. आडवी रेघ आधी, उभी नंतर, एवढं सांगून चौकटीची वही घरी भरायला. एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेच्या पहिल्या पायरीला निभेल, पुढे अडेल. फी वाजवी. संध्याकाळच्या बॅचला पंख्याच्या घरघरीत मागे सूर कळत नाहीत. पुढचा बाक धरा.