मणिकर्ण की वशिष्ठ? मनालीच्या सहलीत गरम कुंडासाठी एकच दिवस असेल तर

आधी एवढं ठरवा: कुंडात निवांत डुंबायचं आहे, की उकळतं पाणी डोळ्यांनी बघायचं आहे? डुंबायचं असेल तर वशिष्ठ. बघायचं असेल तर मणिकर्णला तोड नाही, पण त्यात अख्खा दिवस जातो.

वशिष्ठ हे गाव मनालीपासून जेमतेम 3 किलोमीटरवर, बियास नदीच्या पलीकडे चढावर आहे. रिक्षा गावापर्यंत जाते. मणिकर्णला मात्र आधी खाली भुंतरपर्यंत उतरायचं आणि तिथून पार्वती नदीच्या काठाने 35 किलोमीटर आत शिरायचं. एकूण ऐंशीच्या वर किलोमीटर, त्यातला शेवटचा टप्पा अरुंद. समोरून बस आली की कुणीतरी मागे घ्यायची. टूरवाले ‘मणिकर्ण दर्शन’ म्हणून अर्ध्या दिवसात उरकतात, तेव्हा वेळ गाडीतच सरतो. त्यापेक्षा 4 किलोमीटर अलीकडे कसोलला किंवा मणिकर्णलाच मुक्काम केलेला बरा. मणिकर्णच्या गुरुद्वाराच्या सराईत राहायची सोयही आहे.

आता पाणी. मणिकर्णची उंची साधारण 1,760 मीटर. एवढ्या उंचीवर पाणी 94 अंशांच्या आसपासच उकळतं, आणि इथले काही झरे जवळजवळ तेवढेच तापलेले असतात. जवळपास ज्वालामुखी वगैरे काही नाही. खडकांच्या भेगांतून खोल मुरलेलं पाणी तापून वर येतं, इतकंच. शिवमंदिराजवळच्या कुंडात लोक तांदूळ किंवा चणे फडक्यात बांधून, दोरीने सोडून शिजवतात. गुरुद्वाराच्या लंगरचा भात आणि डाळही झाकण लावलेल्या मोठमोठ्या भांड्यांत याच पाण्यात शिजते. वाफेत उभं राहून तो भात शिजताना बघायचा आणि मग डोकं झाकून पंगतीत बसून खायचा, एवढ्यासाठी तरी जावं. वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडं पाहिलेल्यांना वाटेल, यात नवं काय? पण तिथल्या पाण्यात माणूस उतरतो, इथल्या पाण्यात डाळ शिजते. मुलांना कुंडाच्या कठड्यापासून लांब ठेवा, खरोखर भाजतं. अंघोळीला थंड पाणी मिसळलेले हौद आहेत, बायकांना आणि पुरुषांना वेगळे. पण गर्दीत चटकन डुबकी मारून बाहेर यावं लागतं.

वशिष्ठचं कुंड देवळाच्या आवारातच आहे. दगडी भिंतींनी वेढलेलं, वर उघडं आकाश. बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं. पाण्याला गंधकाचा वास येतो, त्याला इलाज नाही. आधी बाहेर अंग धुवायचं आणि मगच उतरायचं. साबण कुंडात नाही. पायऱ्या बुळबुळीत असतात, म्हणून आजी-आजोबांना हाताला धरून उतरवा. गावातली माणसंही रोज इथेच अंघोळीला येतात, त्यामुळे उजाडता उजाडता गेलात तर पाणी स्वच्छ आणि गर्दी कमी. मे महिन्यात दुपारी अकरानंतर जाण्यात राम नाही.

देवदर्शनात दोन्हीकडे रामच भेटतो. मणिकर्णचं राममंदिर सतराव्या शतकातल्या कुल्लूच्या राजा जगतसिंहाशी जोडलेलं. शिवाय शिवमंदिर, नैना भगवती आणि गुरुद्वारा, सगळं हाकेच्या अंतरावर. पार्वतीच्या कानातला मणी इथे पाण्यात हरवला आणि शेषनागाने परत केला, ही कथा तिथे हमखास कानावर पडते. वशिष्ठला ऋषींचं कोरीव लाकडाचं जुनं देऊळ आणि शेजारी रामाचं. कथा अशी की हा झरा लक्ष्मणाने बाण मारून काढला. देऊळ म्हणून मला वशिष्ठचं अधिक आवडतं. मणिकर्णला बाजार फार अंगावर येतो. आणि वशिष्ठहून पायी जोगिनी धबधब्याला जाता येतं, ते वेगळंच.

ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील, वळणांवर कुणाला गाडी लागत असेल, तर वशिष्ठच करा. शिखांच्या आणि हिंदूंच्या तीर्थाचं दर्शन एकत्र घ्यायचं असेल, लंगर जेवायचं असेल, तर मणिकर्ण. तरुण मंडळी असाल तर मणिकर्णच्याही पुढे, बर्शैणीहून पायी खीरगंगेला चढता येतं. तिथलं कुंड उघड्यावर, जवळपास 2,950 मीटरवर आहे.

जुलै-ऑगस्टमध्ये मात्र मणिकर्णचा हट्ट नको. 2015 च्या ऑगस्टमध्ये डोंगरावरून आलेल्या दगडांनी गुरुद्वाराच्या इमारतीचं नुकसान होऊन माणसं गेली, आणि 2023 च्या जुलैत बियासच्या पुराने मनालीचा रस्ताच जागोजागी वाहून गेला. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर किंवा मार्च-एप्रिल बघा. थंडीत गरम पाण्याची मजा दुप्पट, फक्त कोरडे कपडे आणि टॉवेल हाताशी ठेवा.