सोरोरिटीची भरती: अलाबामा, इंडियाना की डार्टमथ?

अमेरिकेत पदवीसाठी जाणाऱ्या मुलीला सोरोरिटीत, म्हणजे विद्यापीठातील विद्यार्थिनींच्या सामाजिक संघटनेत, जायचे असेल, तर सर्वाधिक चुरस कोणत्या विद्यापीठात आहे, असे घरात हमखास विचारले जाते. पण या एका प्रश्नात दोन प्रश्न दडलेले आहेत: कोणत्या तरी सोरोरिटीत जागा मिळेल का, आणि हव्या त्याच सोरोरिटीत मिळेल का.

टस्कलूसा येथील अलाबामा विद्यापीठात दर ऑगस्टमध्ये, वर्ग सुरू होण्याआधीच, सुमारे 2,500 मुली भरतीत उतरतात आणि 2021 पासून टिकटॉकमुळे हा सारा थाट जगभर पाहिला जातो. संख्या पाहून छातीत धडकी भरते खरी, परंतु प्रत्येक सोरोरिटीचा कोटा उतरलेल्या मुलींच्या प्रमाणात ठरत असल्यामुळे शेवटपर्यंत टिकणाऱ्या बहुतेकींना कोठून तरी ‘बिड’, म्हणजे सभासद होण्याचे आमंत्रण, येतेच. कस लागतो तो नामवंत सोरोरिट्यांसाठी. पुढच्या फेरीला किती मुली बोलवायच्या, याची मर्यादा प्रत्येक सोरोरिटीला तिच्या मागील वर्षांच्या अनुभवावरून घालून दिलेली असते. त्यामुळे जिचे निमंत्रण सहसा कोणी नाकारत नाही, तिला पहिल्या फेरीनंतरच पुष्कळ नावे गाळावी लागतात. दिवाणखान्यातल्या गोंगाटात काही मिनिटे झालेल्या गप्पांवर हा निर्णय होतो, म्हणून तेथे नाव गळाले तर मुलीत काही उणे आहे, असे कोणीही समजू नये. मात्र याच विद्यापीठात पारंपरिक श्वेतवर्णीय सोरोरिट्यांनी कृष्णवर्णीय मुलींना वर्णामुळे डावलल्याचे 2013 मध्ये विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने उघड केले, तेव्हा कुठे ती दारे उघडू लागली. निर्णय घेताना हा इतिहास माहीत असलाच पाहिजे.

ब्लूमिंग्टनच्या इंडियाना विद्यापीठात गणित निराळे आहे. तेथे भरतीचा शेवट जानेवारीत होतो आणि सोरोरिटीच्या घरात राहण्याची परंपरा भक्कम असल्याने नव्या सभासदांची संख्या दीर्घकाळ घरातील खाटांशी बांधलेली राहिली. परिणामी सर्व फेऱ्यांना हजर राहूनही हाती काहीच न लागण्याची भीती तेथे अधिक खरी ठरली. माझ्या मते नाव अलाबामाचे गाजत असले, तरी अधिक कठीण परीक्षा हीच.

डार्टमथमध्ये दुसऱ्या वर्षापूर्वी सोरोरिटीत जाताच येत नाही. हे मला अधिक सुज्ञपणाचे वाटते, कारण तोवर मैत्रिणी जमलेल्या असतात आणि अपयश आले तरी मुलगी एकटी पडत नाही. व्हँडरबिल्टमध्येही पहिल्या वर्षाच्या मुलींना जानेवारीपर्यंत थांबावे लागते. तेथे पहिल्या सत्राचे गुणही मोजले जातात.

भरती कोठेही असो, शेवटच्या फेरीनंतर पसंतीक्रमाच्या कागदावर सही करताना घाई करू नये. त्या यादीतील सोरोरिटीचे बिड आले आणि मुलीने ते नाकारले, तर त्याच विद्यापीठातील अन्य पॅनहेलेनिक (म्हणजे या मुख्य भरतीत सहभागी असलेल्या) सोरोरिटीत तिला पुढील मुख्य भरतीपर्यंत जाता येत नाही. जिथे खरोखर जायचे नाही, ते नाव लिहूच नये.

मराठी घरांतील मुलींना आणखी एक वाट आहे. टेक्सास विद्यापीठात, ऑस्टिन येथे स्थापन झालेली कप्पा फाय गॅमा आणि ह्यूस्टन विद्यापीठातील डेल्टा फाय ओमेगा या दक्षिण आशियाई सोरोरिट्या 1998 पासून आहेत. त्यांची सभासदनोंदणी या मोठ्या भरतीबाहेर, लहान गटांत होते. त्या प्रत्येक विद्यापीठात नाहीत. तेव्हा हीच ओढ असेल, तर प्रवेशअर्ज भरण्यापूर्वीच तेथे शाखा आहे का, याची चौकशी करावी.