मध्यम खर्चातील एअर रायफल: म्हापशातील खरेदीचा अनुभव
वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार आपल्याकडे शिकारीला बंदी आहे; त्यामुळे नेमबाजीची आवड असणाऱ्याने कागदी लक्ष्यावरील सरावासाठी ४.५ मिलिमीटर व्यासाचे छर्रे हवेच्या दाबाने मारणारी एअर रायफल निवडावी, आणि ती मध्यम खर्चातही चांगली मिळते, असे म्हापशातील एका दुकानातून खरेदी केल्यानंतर मी खात्रीने सांगतो. दुकानदारांनी ओळखपत्राची प्रत घेतली, नळीतून सुटणाऱ्या छर्ऱ्याच्या ऊर्जेवरील २० ज्यूलच्या मर्यादेचा नियम समजावला आणि घाई न करता वेगवेगळ्या रायफली हाताळू दिल्या.

दुर्बिणीच्या मोहात न पडता आधी नळी आणि चाप पाहावेत. माझ्या रायफलीची नळी खाली वाकवून पुन्हा बंद केली की सांधा घट्ट बसतो, बाजूने दाबूनही तसूभर हलत नाही, आणि छर्रे एकाच जागी जाण्याचे बरेचसे श्रेय यालाच आहे. चाप मात्र जड आहे. चपट्या तोंडाचे छर्रे १० मीटरवर कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतात, त्यामुळे गुण मोजणे सोपे जाते.

गोव्याच्या दमट पावसाळ्यात तेलाचा हलका हात फिरवला नाही तर नळीवर गंज चढतो. हे दुकानात सांगायला हवे होते. छर्रा न भरता चाप कधीही ओढू नये, कारण आतला दट्ट्या थेट आदळतो.