वायरिंग नवीन टाकलं म्हणे! मग घड्याळ चालू कसं राहिलं?

29,300 रुपये. फोर बाय फोर गाडीच्या पोटाखालचं वायरिंग 'अख्खं नवीन' टाकल्याचे गॅरेजवाल्याने घेतलेले. वायरिंग किट 18,600, एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) मॉड्यूलचं कोडिंग 6,500, मजुरी 4,200. प्रत्यक्षात केलं काय? मागच्या डाव्या चाकाच्या सेन्सरच्या दोन वायरी आणि ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सच्या) स्विचची एक, यांना पीळ मारून काळी टेप गुंडाळली. बस्स.

दुखणं साधं होतं. ओढ्यातून जाताना फांदीने क्लिप तुटली, वायरी लोंबल्या आणि प्रोपेलर शाफ्टला (एक्सलकडे ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्याला) घासल्या. स्कॅनरवर कोड आला चाकाच्या सेन्सरचं सर्किट ओपन, म्हणजे कुठेतरी तुटलेलं, असल्याचा. असा कोड आला की आधी वायर आणि कपलर तपासायचे, मॉड्यूल सगळ्यात शेवटी. गॅरेजवाल्याने मल्टिमीटर हातात न घेताच मॉड्यूलपासून सुरुवात केली.

आणि ते घड्याळ! एवढं वायरिंग बदलायचं तर बॅटरीचं निगेटिव्ह काढावंच लागतं, आणि या गाडीत ते काढलं की डॅशबोर्डवरचं घड्याळ पुन्हा लावावं लागतं. गाडी ताब्यात घेताना त्यात 6:40 वाजले होते. मोबाइलमध्येही 6:40. दिसलं, कळलं नाही, आणि पैसे पाठवले. खालून चासीवर ताजा काळा रंग मारला होता, वर पाऊस. कुणीही फसलं असतं. जुनं किट मागितलं तर म्हणे, "भंगारवाला घेऊन गेला, साहेब." जुना माल समोर ठेवल्याशिवाय पैसे देऊ नका.

बाराव्या दिवशी डॅशबोर्डवरचे इशाऱ्याचे दिवे परत लागले. लागणारच. खालच्या उष्णतेने टेपचा गोंद सुटतो, चिखलाचं पाणी शिरतं, तांबं हिरवं पडतं. वर 10 अँपिअरच्या जागी 20 चा फ्यूज ठोकलेला! म्हणजे शॉर्ट झालं तर फ्यूजआधी वायर जळणार.

नीट काम दुसरीकडे 2,140 रुपयांत झालं. तांबं चकचकीत दिसेपर्यंत वायर मागे कापली, त्याच जाडीची नवी जोडली, आतून गोंद असलेल्या हीट श्रिंक स्लीव्हचे (गरम केल्यावर आवळणाऱ्या नळीचे) क्रिंप जॉइंट, म्हणजे पकडीने दाबून बसवलेले, मारले. जॉइंट एकमेकांपासून 3-4 सेंटिमीटर पुढेमागे, नाहीतर एकाच जागी गाठ होते. सेन्सरच्या दोन वायरींचा मूळ पीळ तसाच ठेवला. तो सोडला तर सिग्नलमध्ये गडबड येते. वर फ्लेक्सिबल पाइप, दर 15-20 सेंटिमीटरला क्लिप, सायलेन्सरपासून लांब. एक्सलकडे जाणाऱ्या वायरीला ढील हवीच. चाक लोंबकळत ठेवून ती तपासा, गाडी जमिनीवर असताना कळत नाही.

आता तक्रारीचं. चौकीत उत्तर मिळालं, "हे दिवाणी आहे." आरटीओत म्हणाले, खासगी गॅरेज आमच्याकडे येत नाही. आणखी एका टेबलावर पक्की पावती मागितली. अहो, पावती दिली नाही हीच तर तक्रार! 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पावती न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे त्या टेबलावर कुणाला ठाऊक नव्हतं. तीन चकरा, दोन अर्ज, पोच एकाचीही नाही. 'जीएसटी वाचेल' म्हणून कच्च्या बिलाला हो म्हटलं जातं, तिथेच गॅरेजवाल्याचं फावतं. वाचतात 18 टक्के, जातं सगळंच.

जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत फी लागत नाही. तिथे अर्ज टाकलाय. सोबत 20 चा फ्यूज आणि कापून काढलेले तीन जॉइंट, टेपसकट.