रंगाचं पाणी: तुरटी की जिवाणू?

छत्रपती संभाजीनगरात हिमरूचं (रेशीम-सुताच्या नक्षीदार कापडाचं) सूत रंगवलं की उरलेलं पाणी तुरटी-चुन्याने निवळावं की जिवाणूंच्या हवाली करावं?

तुरटीचं काम लगेच दिसतं: बादलीत गुठळ्या बसतात. पण विरघळलेले रिअॅक्टिव्ह रंग (धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे) तिला फारसे जुमानत नाहीत. शिवाय तो गाळ टाकायचा कुठे?

जिवाणू संथ. बंद टाकीत, हवेविना, ते अॅझो रंगातला, म्हणजे दोन नायट्रोजन अणूंमधला, दुहेरी बंध तोडतात आणि रंग उडतो. इथेच माणूस फसतो! उरलेली अॅरोमॅटिक अमाइन्स (रंगाच्या रेणूचे तुटलेले तुकडे) बिनरंगी, पण त्यातली काही विषारी. म्हणून पुढे हवा सोडलेली दुसरी टाकी हवीच. मीठ फार झालं की जिवाणू रुसतात.

भट्टी रोज पेटत असेल तर मी जिवाणूच पाळीन. महिन्यातून दोनदा रंगवणाऱ्याने मात्र तुरटीच घ्यावी. जिवाणूंना उपाशी ठेवून चालत नाही.