भुवईचं पिअर्सिंग: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या नोव्हेंबरात, दिवाळी आटोपल्यावर, मी उजवी भुवई टोचून घेतली. आता ऑगस्ट चालू आहे. टोचण्याआधी मी जे काही वाचलं होतं ते सगळं पहिल्या पंधरवड्याचं होतं. सहाव्या-सातव्या महिन्यात काय होतं ते कुणी सांगत नव्हतं, आणि मला जास्त त्रास झाला तो नेमका तेव्हा. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

नोव्हेंबर मुद्दाम निवडला होता. पुण्यात तेव्हा घाम नसतो, पाऊस नसतो, आणि होळीला अजून बरेच महिने असतात. पहिल्यांदा ज्या दुकानात गेले तिथे कान टोचायची गन पुढे आली, तशी मी उठून बाहेर पडले. गन बोथट टोकाचा दागिना दाबून कातडीत घुसवते. शिवाय ती प्लॅस्टिकची असेल तर ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, घालता येत नाही, म्हणजे आधीच्या माणसाचं रक्त लागलं असेल तर ते पुसण्यापलीकडे इलाज नाही. भुवईसाठी पोकळ सुईच हवी, तीही नवीन, सीलबंद पाकिटातली, आपल्यासमोर फोडलेली.

दुसऱ्या ठिकाणच्या ताईंनी सुईच्या पाकिटावरची, निर्जंतुक केल्यावर रंग बदलणारी खूण न विचारता दाखवली. मग मला सरळ बसवून हसायला लावलं, भुवया वर करायला लावल्या, आणि चेहरा हलताना कातडी कुठे कशी सरकते ते बघून मार्करने दोन ठिपके काढले. ठिपके भुवईच्या बाहेरच्या बाजूला होते. मला थोडं आत हवं होतं, पण तिथून कपाळाकडे जाणारी नस असते म्हणून त्यांनी ठाम नकार दिला. त्या नकारामुळेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. सुई जाताना श्वास सोडायला सांगितलं. दोन सेकंद कळ, डोळ्यातून घळकन पाणी, आणि झालं. कान टोचण्यापेक्षा फार जास्त दुखलं असं म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी पापणीवर जांभळट डाग आणि सूज होती, ती चार-पाच दिवसांत उतरली.

दागिना म्हणजे १६ गेजची, साधारण १.२ मिलिमीटर जाडीची वाकडी बारबेल (दोन्ही टोकांना बॉल असलेली दांडी), १० मिलिमीटर लांब, टायटॅनियमची. सगळे मिळून २,६०० रुपये गेले. स्टीलची बारबेल स्वस्तात होती, पण 'सर्जिकल स्टील' नावाने जे मिळतं त्यात निकेल असतं, आणि मला खोट्या कानातल्यांनी खाज सुटते ती निकेलमुळेच. तुम्हालाही तसं होत असेल तर इथे पैसे वाचवू नका. एएसटीएम एफ १३६ दर्जाचं, म्हणजे शरीरात बसवायला चालणारं टायटॅनियम मागा.

आजीने पहिल्याच दिवशी हळद आणि खोबरेल तेलाची वाटी आणून ठेवली. माझे कान बाराव्या दिवशी सोनाराने सोन्याच्या तारेने टोचले होते आणि तेलानेच बरे झाले होते, त्यामुळे तिचं म्हणणं मला समजत होतं. पण कानाची पाळी आणि भुवई यांत मोठा फरक आहे. पाळीत छिद्र एका बाजूने जाऊन दुसऱ्या बाजूने निघतं. भुवईत सुई आत जाते आणि त्याच बाजूला पुन्हा वर येते, म्हणजे दागिना कातडीच्या पातळ थराखाली आडवा पडून राहतो. शरीर काटा बाहेर ढकलतं तसं त्यालाही हळूहळू बाहेर ढकलू शकतं. जखम जितकी चिडेल, जितकी ओढली जाईल, तितकी ही शक्यता वाढते. तेलाने छिद्राचं तोंड बुजतं आणि जखमेतला स्राव आतच साचतो. हे आजीला नीट बसून सांगितलं, तेव्हा तिने वाटी उचलली.

मी वापरलं ते फक्त सलाइन. मेडिकलमध्ये ०.९ टक्क्याच्या सलाइनच्या १० मिलिलिटरच्या प्लॅस्टिकच्या कुप्या मिळतात, त्या घ्या. मोठी बाटली एकदा उघडली की निर्जंतुक राहत नाही. घरी मीठ घालून केलेलं पाणी बहुतेक वेळा जास्त खारट होतं आणि कातडी कोरडी पाडतं. सकाळी आंघोळीनंतर आणि रात्री झोपताना, आधी साबणाने हात धुवायचे, गॉजचा तुकडा भिजवून दोन मिनिटं भुवईवर नुसता धरून ठेवायचा. बॉलभोवती मधासारखी पिवळसर खपली धरलेली असते, ती मऊ होऊन गॉजवर आपोआप येते. जी येत नाही ती राहू द्यायची, नखाने काढायची नाही. मग कोरड्या गॉजने टिपायचं. कापसाचे धागे बॉलमध्ये अडकतात. बारबेल फिरवायची नाही. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यांनी नवी येणारी कातडीही जळते, त्यामुळे यातलं काहीच नको.

खरी परीक्षा हेल्मेट आणि स्कार्फची. मी रोज सिंहगड रोडवरून खराडीला स्कूटरवर जाते. हेल्मेट नेहमीसारखं वरून खाली ओढलं की आतलं अस्तर नेमकं भुवईवरून घासत येतं. तिसऱ्या दिवशी असं झालं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. तेव्हापासून दोन्ही पट्टे बाहेर ताणून हेल्मेट रुंद करायचं, आधी कपाळाशी टेकवायचं आणि मग मागे उतरवायचं. काढताना याच्या उलट. स्कार्फ कपाळावरून गुंडाळणं तीन महिने बंद ठेवलं, नाकाखालून बांधत होते. जाळीदार किंवा क्रोशाचा स्कार्फ तर कपाटातच ठेवा. टॉवेलचंही तेच, त्यातले फासे बॉलला अडकतात. चेहऱ्यासाठी जुना सुती पंचा घेतला.

सात आठवड्यांनी बारबेल बदलली, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सुरुवातीची १० मिलिमीटरची बारबेल सूज धरून लांब ठेवलेली असते. सूज उतरल्यावर ती बाहेर डोकावते, उशीला लागते, केसात अडकते, आणि प्रत्येक हिसक्याने छिद्र वाकडं होत जातं. ८ मिलिमीटरची बसवल्यापासून ती तिथे आहे हे मी विसरायला लागले. बदलायला टोचणाऱ्यांकडेच जा. कच्चं छिद्र काही मिनिटांतही आक्रसू शकतं.

फेब्रुवारी ते मे अगदी सुखाचे गेले. सगळं बरं झालं असं समजून मी सलाइन बंद केलं. मग जूनमध्ये पाऊस सुरू झाला. हेल्मेटचं अस्तर रात्रभर वाळेना, रोज सकाळी तोच ओलसर, कुबट फोम भुवईवर. आठवड्याभरात खालच्या छिद्राशी मसुराएवढी लाल गाठ आली. मी घाबरले, बारबेल काढूनच टाकायला निघाले होते. त्वचारोगतज्ज्ञांनी थांबवलं. संसर्ग असताना दागिना काढला तर छिद्र मिटून पू आत अडकू शकतो. माझ्या बाबतीत संसर्ग नव्हता, ओलावा आणि घर्षणाने कातडी चिडली होती. उपाय म्हणजे अस्तर काढून धुऊन पंख्याखाली वाळवणं, दुसरं अस्तर आलटूनपालटून वापरणं आणि पुन्हा दोन वेळा सलाइन. पाच आठवड्यांनी गाठ बसली. ताप, पसरत जाणारी लाली, ठणका किंवा हिरवट पू असेल तर मात्र घरी बसू नका.

बरं दिसणं आणि बरं होणं वेगळं, हे मला तेव्हा कळलं. बाहेरचं तोंड सहा-आठ आठवड्यांत भरून येतं, पण आतली नळी पक्की व्हायला सहा ते नऊ महिने लागतात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन छिद्रांमधलं अंतर पट्टीने मोजते आणि त्याच उजेडात फोटो काढते. अंतर कमी व्हायला लागलं, मधली कातडी पातळ होऊन धातू झळकायला लागला, तर शरीर दागिना बाहेर टाकतंय असं समजायचं आणि लगेच काढून घ्यायचा. थांबलात तर तो कातडी चिरून बाहेर येतो आणि भुवईत रेघ राहते, तिथे केसही उगवत नाहीत. कानाला पूर्वी केलॉइड (जखमेवर वाढत जाणारा जाड व्रण) आलं असेल तर टोचण्याआधीच डॉक्टरांना दाखवा.

थोड्या सुट्या गोष्टी. ऑफिसच्या रक्तदान शिबिरातून मला परत पाठवलं, टोचल्यानंतर वर्षभर रक्त देता येत नाही. दरवर्षी देणाऱ्यांनी हे धरून चाला. थ्रेडिंग चार महिने केलं नाही. आता करते, पण बाहेरची बाजू सोडायला सांगते आणि ती घरी चिमट्याने नीट करते. सनस्क्रीन आणि भुवईची पेन्सिल छिद्रांपासून बोटभर लांब. वरचा बॉल दोनदा सैल झाला, त्यामुळे आठवड्यातून एकदा स्वच्छ हाताने घट्ट करते. एक जादा बॉल पर्समध्ये असतो.

आमच्या ढोल पथकाचा सराव सुरू आहे. रोज तासभर घामाने डोकं निथळतं, म्हणून पिशवीत सलाइनच्या दोन कुप्या आणि गॉज ठेवते, सराव संपला की नदीकाठच्या दिव्याखाली भुवई पुसून घेते. विसर्जनाच्या दिवशी गुलाल उडणारच, त्यासाठी कपाळावर रुंद सुती पट्टी शिवून घेतली आहे. परवाच्या रविवारी अंतर मोजलं: ७ मिलिमीटर, जानेवारीत होतं तेवढंच.