एन१०० चार पोर्टचा मिनी पीसी + ओपनडब्ल्यूआरटी: मार्चपासूनचा अनुभव, आणि एका बटन सेलची कटकट

घरच्या राउटरच्या जागी हा छोटा पीसी लावलाय, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे राउटरसाठीचं लिनक्सवरचं फुकट सॉफ्टवेअर. स्पेक्स सगळ्यांना पाठ आहेत, परत लिहीत नाही. इंटेलचा एन१०० प्रोसेसर, इंटेलच्याच आय२२६-व्ही नेटवर्क चिपचे चार पोर्ट, पंखा नाही, ॲल्युमिनियमची बॉडी. रॅम-एसएसडी सोडून डबा १६ हजारांच्या आसपास पडला. रॅम नवीन घेतली, एसएसडी जुन्या लॅपटॉपमधली टाकली, कारण ओपनडब्ल्यूआरटीला एसएसडी लागतेच किती, एक्स८६ च्या (म्हणजे पीसीसाठीच्या) तयार इमेजमध्ये रूट पार्टिशन १०४ एमबीचं येतं आणि बाकीची सगळी जागा नुसती पडून राहते (ते बघून माझा जीव तुटतो, पण असो). घोडबंदर रोडला मानपाड्याजवळ राहतो, केबलवाल्याचं २०० एमबीपीएसचं फायबर, घरात बायकोचं वर्क फ्रॉम होम, मुलाचे गेम आणि आईच्या सिरियली. गणपतीत कोणी विचारलं असतं तर डोळे झाकून घे म्हणालो असतो. दिवाळीनंतर विचारलं असतं तर शिव्या दिल्या असत्या. आता राग थोडा उतरलाय म्हणून लिहायला बसलो.

सेटअप फार अवघड नाहीये. ओपनडब्ल्यूआरटी २४.१० ची कंबाइंड-ईएफआय इमेज पेनड्राइव्हवरून बूट करून एसएसडीवर लिहिली, झालं. एक्स८६ वर पहिला पोर्ट लॅन (घरातलं नेटवर्क) आणि दुसरा वॅन (बाहेरचं नेट) धरला जातो, आता डब्यावर छापलेला पहिला आणि लिनक्सला दिसणारा पहिला एकच असेल याची खात्री नाही, त्यामुळे लुसी (ओपनडब्ल्यूआरटीचं सेटिंगचं वेबपान) उघडेना तर वायर एकेक पोर्टात लावून बघायची. ओएनटी, म्हणजे केबलवाल्याचा फायबरचा डबा, ब्रिज मोडला टाकून घेतला (तो नुसतं नेट पुढे देतो), पीपीपीओईचा, म्हणजे नेटच्या लॉगिनचा, युजरनेम-पासवर्ड डब्यात भरला तरी कनेक्ट होईना, तर केबलवाल्याने जुन्या राउटरचा मॅक (नेटवर्क पोर्टचा नंबर) त्याच्याकडे बांधून ठेवलेला. तोच मॅक वॅनला क्लोन केला आणि लगेच लागलं. वायफायसाठी जुना राउटर डीएचसीपी (आयपी वाटायचं काम) बंद करून नुसता ॲक्सेस पॉइंट म्हणून ठेवला. या डब्याच्या वायफायच्या नादी लागू नका, अँटेनाची भोकं ठेवलीत तेवढंच. (ती भोकं पुढे कामाला आली, सांगतो.)

पीएफसेन्स, म्हणजे असंच दुसरं राउटर-फायरवॉल सॉफ्टवेअर, का नाही असं ऑफिसातल्या दोघांनी विचारलं. ते फ्रीबीएसडीवर आहे, मला लिनक्स येतं, आणि मला केक (नेटच्या ट्रॅफिकची रांग लावणारी सोय) पाहिजे होता, तो लिनक्स कर्नलमध्ये २०१८ पासून ४.१९ मध्येच आहे. या केकसाठीच खरं तर हा सगळा खटाटोप. मुलाने गेमचं अपडेट लावलं की बायकोचा कॉल अडकायचा, समोरचा माणूस तोंड उघडं ठेवून गोठायचा. एसक्यूएममध्ये (रांगेच्या सेटिंगमध्ये) केक लावून स्पीड दोन्हीकडे १८५ ठेवला, म्हणजे लाइनपेक्षा थोडा कमी, म्हणजे रांग केबलवाल्याच्या यंत्रात न लागता आपल्याकडे लागते आणि कोणाला पुढे सोडायचं ते आपण ठरवतो. तेव्हापासून घरातलं एक कायमचं भांडण संपलं. पंधरा एमबीपीएस सोडून द्यायला मला दोन दिवस जड गेलं हे मात्र खरं, पैसे २०० चे भरतोय ना.

फायरवॉलचं पण सुख आहे. ओपनडब्ल्यूआरटी २२.०३ पासून फायरवॉल४ आलंय, आतून सगळं लिनक्सचं एनएफटेबल्स, पण लुसीत आपल्याला झोनच दिसतात त्यामुळे डोकं लावावं लागत नाही. कॅमेरे आणि बल्ब वेगळ्या झोनमध्ये टाकले, त्या झोनला ना लॅनमध्ये प्रवेश ना बाहेर. टीव्हीला फक्त बाहेर. गणपतीत पाहुणे आले तेव्हा त्यांच्यासाठी गेस्ट नेटवर्क काढलं, सेव्ह-अप्लाय केलं, आणि त्यानंतर सेटिंगला हात लावला नाही. ही तारीख लक्षात ठेवा.

आता मूळ दुखणं. आमच्याकडे शुक्रवारी मेंटेनन्सची लाइट जाते आणि सोसायटीचा जनरेटर लिफ्ट, पंप आणि पॅसेजचे दिवे एवढंच चालवतो. राउटर म्हटलं की लाइट आली की तो आपला आपण चालू होणार हे आपण धरूनच चालतो. पण हा राउटर नाही, पीसी आहे, आणि बायोसमध्ये सांगितल्याशिवाय तो लाइट आली तरी ढिम्म बसून राहतो. ते सेटिंग सरळ नावाने नाहीये, चिपसेटच्या मेनूत पीसीएच-आयओमध्ये ‘स्टेट आफ्टर जी३’ म्हणून आहे, त्यात एस५ म्हणजे बंदच राहा आणि एस० म्हणजे चालू हो. मॅन्युअल म्हणजे पोर्टचं चित्र काढलेला एक घडीचा कागद, त्यात याचा उल्लेखही नाही. मार्चमध्येच एस० करून ठेवलं, प्लग काढून-लावून बघितला, आणि उन्हाळा-पावसाळा व्यवस्थित गेला.

मग दिवाळीनंतरच्या एका शुक्रवारी मी ऑफिसात, बायको पण बाहेर, आणि आईचा फोन.

“अरे लाइट आली पण टीव्हीवर काही लागत नाही.”

“आई, टीव्हीच्या मागे काळा डबा आहे बघ, त्याचं बटण दाब.”

“दाबलं. निळा दिवा लागला.”

“झालं मग.”

“आता गेला.”

ती बटण डोअरबेलसारखं दाबून धरत होती, आणि पीसीचं बटण चार-पाच सेकंद धरलं की तो जबरदस्तीने बंद होतो. तिला काय सांगणार. शेवटी “दाब आणि लगेच सोड” वर जमलं, दिवा लागून राहिला, पण नेट काही आलं नाही.

संध्याकाळी घरी येऊन बघतो तर डबा चालू, पीपीपीओई जोडलेलं, वॅनला आयपी आलेला, १.१.१.१ ला पिंग व्यवस्थित, आणि नावाने एकही साइट उघडत नाही. केबलवाल्याचं ठरलेलं उत्तर, “साहेब राउटर रीस्टार्ट मारून बघा”. लुसीच्या पहिल्याच पानावर लोकल टाइम असतो, तिथे नजर गेली तर आमच्या राउटरकडे अजून गणपती चालू होते.

झालं काय ते नीट सांगतो कारण हे समजायला मला अख्खी रात्र लागली. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ बटन सेल मेला होता. मल्टिमीटरवर २.१ व्होल्ट, असायला पाहिजे ३. सेल मेला की लाइट गेल्यावर घड्याळ जातं, आणि आमच्या बोर्डवर त्याच्यासोबत बायोसचं सेटिंग पण डीफॉल्टला जातं, म्हणजे एस० चं परत एस५, म्हणून डबा आपोआप उठला नाही. बटणाने उठवल्यावर ओपनडब्ल्यूआरटी बघतं की घड्याळ फारच मागे आहे, मग ते /ईटीसी मधल्या सगळ्यात नव्या फाइलची तारीख उचलून तीच आजची तारीख मानतं. सगळ्यात नवी फाइल कुठली, तर गेस्ट नेटवर्कची. आता मी डीएनएस (साइटच्या नावावरून आयपी शोधणं) एन्क्रिप्टेड करून ठेवलेलं, साधा डीएनएस पूर्ण बंद. डीएनएस सर्व्हरचं सर्टिफिकेट गणपतीनंतर निघालेलं, राउटर म्हणतो हे तर अजून चालूच झालेलं नाही, हे मी मानत नाही. डीएनएस नाही म्हणजे एनटीपी (घड्याळ नेटवरून लावणाऱ्या) सर्व्हरचं नाव सापडत नाही, एनटीपी नाही म्हणजे घड्याळ दुरुस्त होत नाही, घड्याळ नाही म्हणजे सर्टिफिकेट मान्य नाही. बसला गोल गोल फिरत.

वर अजून एक. भावाकडे डोंबिवलीला वायरगार्डचा (व्हीपीएनचा) टनेल आहे. आमच्या वॅनला १००.६४ ते १००.१२७ मधला आयपी मिळतो, म्हणजे सीजीनॅट (बाहेरचा एकच आयपी अनेक घरांत वाटलेला), बाहेरून आत येताच येत नाही, म्हणून त्याच्याकडे स्टॅटिक आयपी घेतला आणि टनेल आमच्याकडून लागतो. वायरगार्ड प्रत्येक हँडशेकमध्ये वेळ पाठवतं आणि पलीकडचा आधी बघितलेल्या वेळेपेक्षा जुनी वेळ आली की गप फेकून देतो. डीएनएसच्या भानगडीशी याचा संबंध नाही, आयपी टाकलेला असूनही टनेल मेलेला, आणि लॉगमध्ये काहीही नाही. घड्याळ हाताने पुढे केलं आणि लगेच हँडशेक आला.

यावरचा कायमचा उपाय फुकट आहे आणि मला वाटतं कोणताही ओपनडब्ल्यूआरटी राउटर वापरणाऱ्याने आजच करावा. टाइम सिंक्रोनायझेशनमध्ये नावांच्या जोडीला दोन सरळ आयपी टाकायचे, मी क्लाउडफ्लेअरचे १६२.१५९.२००.१ आणि १६२.१५९.२००.१२३ टाकलेत. शिवाय पूल.एनटीपी.ऑर्गची चौकशी तेवढी केबलवाल्याच्या साध्या डीएनएसकडे पाठवायचा नियम डीएनएसमॅस्कमध्ये (राउटरच्या डीएनएस प्रोग्रॅममध्ये) घातला. साध्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी चालवणाऱ्यांनी हसू नका, तुमच्याकडच्या बहुतेक राउटरांत बॅटरीवरचं घड्याळच नसतं, ते प्रत्येक बूटला हाच अंदाज लावतात.

पण डबा आपोआप उठण्याचं काय? त्यासाठी सेल बदलायलाच पाहिजे आणि इथे विक्रेत्याची कृपा सुरू होते. खालचं झाकण काढलं की रॅम आणि एसएसडी दिसते, सेल दिसत नाही. सेल बोर्डच्या दुसऱ्या अंगाला, प्रोसेसरच्या शेजारी, जिथे अख्खा डबा उष्णता ओततो तिथे. मे महिन्यात आमच्याकडे ही बॉडी हात ठेवता येऊ नये इतकी तापायची. तिथे सेल टिकणार कसा, एरवी हे सेल वर्षानुवर्षं टिकतात. आणि तिथे पोचायला बोर्डचे चार स्क्रू काढायचे, त्यातल्या एकावर स्टिकर, काढलं तर वॉरंटी गेली. मेल केला. उत्तर आलं सेल कन्झ्युमेबल आहे, वॉरंटीत येत नाही. बरं, मग मी बदलतो. नाही, उघडलं तर वॉरंटी जाईल. मग तुम्ही बदला. पूर्ण युनिट स्वतःच्या खर्चाने दुसऱ्या राज्यातल्या सर्व्हिस सेंटरला पाठवा, पण त्याआधी विंडोज टाकून प्रॉब्लेमचा व्हिडिओ पाठवा कारण लिनक्सला आमचा सपोर्ट नाही. विंडोज! फायरवॉल म्हणून विकलेल्या डब्यावर! कुरिअरचा भाव विचारला आणि गप बसलो. एका सेलसाठी तेवढे पैसे माझ्याच्याने जाणार नाहीत.

स्टेशनजवळ गावदेवीकडे एक मोबाइल-लॅपटॉपवाला आहे, त्याच्याकडे नेला. त्याने उघडून बघितलं, सेल वायर आणि दोन पिनांच्या छोट्या कनेक्टरवाला होता, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. म्हणाला, “दादा, नवीन टाकतो पण परत तिथेच ठेवला तर पुढच्या उन्हाळ्यात परत याल. बाहेर काढू का?” आणि त्याने लांब वायर जोडून सेल अँटेनाच्या भोकातून बाहेर काढला, होल्डरमध्ये बसवला आणि डब्याच्या बाजूला दुहेरी टेपने चिकटवला. प्रोसेसरची थर्मल पेस्ट पण नवीन लावली. सगळे मिळून २५० रुपये. मी एकदाही घासाघीस केली नाही, बायकोला हे सांगितलं तर तिचा विश्वास बसेना.

आता दिसायला डबा भंगार दिसतो, पण सेल नखाने काढून बदलता येतो. मुद्दाम सेल काढून, प्लग काढून परत लावून बघितलं, आपोआप उठला नाही, तो उठणारच नाही, पण बटण दाबल्यावर मिनिटभरात तारीख बरोबर आणि नेट चालू. सेल परत लावला, एस० परत केलं, आणि त्यानंतरचे शुक्रवार आईचा फोन आलेला नाही.

मिनी यूपीएस घे असं सगळे सांगतात. घेतलाय, १२ व्होल्टचाच, छोट्या-मोठ्या झटक्यांना बरा पडतो. पण हा डबा ११-१२ वॅट खातो, वर ओएनटी, शुक्रवारची लाइट दुपारपर्यंत येत नाही, आणि यूपीएस उतरल्यावर प्रश्न तोच. ११-१२ वॅट म्हणजे महिन्याला ८ युनिटच्या आसपास, वर्षाचा हिशोब मी करून ठेवलाय पण घरात दाखवलेला नाही.

आणखी एक, पोर्ट मधेच पडून परत उठत असेल तर बायोसमध्ये एएसपीएम (वीज वाचवण्याचं सेटिंग) बंद करा, आय२२६ चा हा जुना त्रास आहे. मला सुरुवातीला व्हायचा, बंद केल्यावर गेला.

घ्यावा का? गिगाबिटची लाइन असेल, केक पूर्ण स्पीडला चालवायचा असेल, व्हीपीएन जोरात पाहिजे असेल तर घ्या, ताकद भरपूर आहे, माझ्याकडे प्रोसेसर झोपलेलाच असतो. माझ्यासारखी २०० ची लाइन असेल तर ओपनडब्ल्यूआरटी चालणारा मीडियाटेकच्या फिलॉजिक चिपवाला साधा राउटर घ्या, केक आरामात चालतो, लाइट आली की उठतो, आणि उरलेल्या पैशात मिक्सर येतो. ओपनडब्ल्यूआरटी प्रोजेक्टच्या स्वतःच्या राउटरमध्ये, ओपनडब्ल्यूआरटी वनमध्ये, घड्याळाच्या सेलसाठी बोर्डवर सरळ होल्डर दिलाय, २०२४ मध्ये आला तेव्हा किंमत ८९ डॉलर होती. म्हणजे ज्यांना कळतं ते देतात. मला आता डबा विकून तोटा करायचा नाही म्हणून मी हाच वापरणार.

तीन स्टार. सेल मेला याचे नाही कापले, त्या स्टिकरचे कापलेत. भाऊ पण हाच डबा घ्यायचा म्हणतोय. त्याला सांगितलंय, ऑर्डर करायच्या आधी विक्रेत्याला एवढंच विचार की सेल बोर्डच्या कुठल्या बाजूला आहे. त्याने विचारलं, त्यांनी त्याला पोर्टचा फोटो पाठवला.